कापसाचा माग: इझमिर ते बुलदान

पुण्यात माझं तान्ह्या बाळांच्या कपड्यांचं छोटं युनिट आहे. झबली, दुपटी, लंगोट, टोपरी, सगळं सेंद्रिय कापसाचं. माहेर हिंगणघाटजवळचं, म्हणजे कापूस हा आमच्याकडे धंद्याआधी घरातला विषय. सेंद्रिय कापूस जगात सर्वात जास्त आपल्याच देशात पिकतो, मग तुर्कस्तानला कशाला जायचं, असं निघण्यापूर्वी सगळ्यांनीच विचारलं. कारणं दोन होती. तिथल्या बुलदान गावात विणलं जाणारं चुणीदार सुती कापड मला दुपट्यांसाठी हवं होतं. दुसरं असं की गेली सहा वर्षं मी सर्टिफिकेटं फाइलला लावते आहे, पण त्या कागदाच्या मागचं शेत एकदाही पाहिलेलं नव्हतं. ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा निवडला, कारण तुर्कस्तानच्या पश्चिमेकडच्या एजियन किनाऱ्याकडे तेव्हा वेचणी चालू असते.

पहिला दिवस: इझमिर

मुंबई ते इस्तंबूल आणि तिथून इझमिर. माझ्याकडे युरोपातल्या शेंगेन देशांचा चालू व्हिसा होता म्हणून तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळाला. तो नसेल तर भारतीय पासपोर्टवाल्यांनी अर्जासाठी हाताशी बराच वेळ ठेवावा.

संध्याकाळी समुद्राकाठी फिरायला गेले. दुपारनंतर समुद्रावरून जे वारं सुटतं त्याला इथे ‘इम्बात’ म्हणतात, आणि दिवसभर तापलेलं शहर त्या वाऱ्याला येऊन बसतं. माझी दुभाषी तिथेच भेटली. टेक्सटाइल शिकणारी विद्यार्थिनी, चोवीस-पंचवीसची. पहिल्या पाच मिनिटांत तिने मला ‘अब्ला’ म्हणायला सुरुवात केली. अब्ला म्हणजे ताई. मग आम्ही दोन्ही भाषांतले सारखे शब्द शोधत बसलो. दुकान, बाजार, हवा, साबण. हिशेबाला ते ‘हेसाप’ म्हणतात आणि वहीला ‘देफ्तेर’, म्हणजे आपलं दप्तर. कापूस मात्र ‘पामुक’, आणि बियाणं ‘तोहुम’. हे शेवटचे दोन शब्द पुढे रोज उपयोगी पडले.

शाकाहारी लोकांसाठी एक शब्द पाठ करून ठेवण्यासारखा: ‘एतसिझ’, म्हणजे बिनमांसाचं. मसुराचं सूप कुठेही मिळतं आणि ते लिंबू पिळलेल्या आपल्या वरणाच्या फार जवळचं आहे. आयरान म्हणजे खारं ताक. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या हा एजियन भागातला खास प्रकार, त्यात चवळीच्या शेंगाही असतात. आठ दिवसांत एकदाही उपाशी राहावं लागलं नाही.

दुसरा दिवस: कागदांचा

सकाळी बोयोझ खाल्लं. खारीसारखे पदर सुटलेली ही गोल रोटी उकडलेल्या अंड्याबरोबर खातात, मी नुसत्या चहाबरोबर खाल्ली. मग इझमिरचं कमोडिटी एक्स्चेंज बाहेरून पाहिलं. ते १८९१ सालचं, देशातलं सर्वात जुनं. कापूस, मनुका आणि अंजीर यांच्यावर हे बंदर मोठं झालं. तुर्कस्तानातली सेंद्रिय शेतीही याच पट्ट्यात सुरू झाली. १९८०च्या दशकाच्या मध्यात युरोपातून बिनरसायनी अंजीर-मनुक्यांची मागणी आली, आणि कापूस त्याच्या मागून आला.

दुपारी एका कापड व्यापाऱ्याकडे गेले. माल सुंदर होता, भाव माझ्या अंदाजापेक्षा कमी होता, आणि टेबलावर गॉट्सचं, म्हणजे सेंद्रिय कापडासाठीच्या जागतिक मानकाचं, सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलं होतं. त्यावरचा नंबर मी तिथेच बसून गॉट्सच्या सार्वजनिक यादीत टाकला. सर्टिफिकेट दुसऱ्याच एका कंपनीचं निघालं, आणि त्याची मुदतही चार महिन्यांपूर्वी संपलेली. विचारल्यावर उत्तर आलं, “तो आमचा भागीदार आहे.” मी चहा संपवला, आभार मानले आणि उठले. बाहेर आल्यावर मात्र हात थरथरत होते. असलं कापड मी न तपासता घेतलं असतं, तर ते कुणाच्या तरी आठ दिवसांच्या बाळाच्या अंगावर माझ्या शब्दावर गेलं असतं.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी हे जरा सविस्तर सांगते. ‘स्कोप सर्टिफिकेट’ म्हणजे त्या कंपनीला सेंद्रिय माल हाताळायची परवानगी आहे, एवढंच. तुमच्या हातातलं कापड सेंद्रिय आहे हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी त्या खेपेचं ‘ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट’ लागतं, ज्यावर माल, वजन आणि कुणाकडून कुणाकडे गेला हे लिहिलेलं असतं. स्कोप सर्टिफिकेटवर मालाचे प्रकारही बघा. त्यात नुसतं सूत असेल आणि समोरचा कापड विकत असेल तर तिथेच थांबा. लेबलातही फरक आहे: ‘ऑरगॅनिक’ लिहायला किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो, ‘मेड विथ ऑरगॅनिक’ला ७० टक्के पुरतात.

तिसरा दिवस: स्योकेचं मैदान

सकाळी सातला निघालो. दक्षिणेला दीड-दोन तासांवर स्योके गाव आहे आणि त्याच्या पुढे ब्युयुक मेंदेरेस नदीचं मैदान. ही नदी इतकी वळणं घेते की नागमोडी वळणाला इंग्रजीत जो ‘मिअँडर’ शब्द आहे तो तिच्याच जुन्या नावावरून आला. डोंगर उतरून गाडी मैदानात आली आणि मला क्षणभर बोलताच येईना. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत फुटलेली बोंडं. कापसाचं शेत मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण एवढं सपाट, एवढं सलग कधी पाहिलं नव्हतं.

बहुतेक शेतांत यंत्राने वेचणी चालली होती. पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापसाच्या प्रचंड गोल गाठी बांधावर पडलेल्या. यंत्र घालायचं तर आधी पानं गळावी लागतात, त्यासाठी फवारणी करतात. सेंद्रिय शेतात ती चालत नाही. म्हणून आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांच्या शेतात हाताने वेचणी होती.

शेतकरी साठीचे. त्यांना सगळे ‘अम्जा’ म्हणत होते, म्हणजे काका, तर मीही तेच म्हणू लागले. ऐंशी दोनम जमीन. चार दोनमचा साधारण एक एकर, तेव्हा वीस एकर झाली. सेंद्रियकडे वळून त्यांना नऊ वर्षं झाली. वार्षिक पिकाला पेरणीआधी दोन वर्षांचा संक्रमणकाळ असतो. त्या काळात खर्च सेंद्रियचा आणि भाव साध्या कापसाचा. “ती दोन वर्षं ट्रॅक्टरच्या हप्त्याला बायकोच्या बांगड्या गेल्या,” काका म्हणाले. दुभाषीने हे सांगताना आवाज खाली आणला. काकू शेजारीच चुलीवर ग्योझलेमे, म्हणजे सारण भरलेल्या पोळ्या, भाजत होत्या. त्यांनी वळून दोन्ही मोकळी मनगटं दाखवली आणि हसल्या.

गहू, मग हिरवळीच्या खतासाठी वाटाण्याच्या जातीतला चारा, मग कापूस, अशी त्यांची फेरपालट. शेणखत मेंढ्यांचं. किडीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे, आणि रोज सकाळी पानं उलटून बघणं. उतारा विचारला तर दोनमला चारशे किलोच्या आसपास, म्हणजे एकरी सोळा क्विंटल. आमच्या कोरडवाहूत सहा-सात क्विंटल आला तर वर्ष चांगलं गेलं म्हणतो. पण त्यांचं सगळं ओलिताचं आहे, आणि पाण्याची काळजी त्यांच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी येत होती. नदीचं पाणी कमी मिळतं, मिळतं ते उशिरा. कालव्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “माझा मुलगा इझमिरला नोकरी करतो. कापसामुळे नाही गेला, पाण्यामुळे गेला.”

मग मी माझ्या मनातला प्रश्न विचारला. तोहुम कुठलं? बियाणं जनुकबदल नसलेलंच मिळेल याची खात्री कशी करता? काकांना प्रश्नच कळेना. दुभाषीने दोनदा समजावलं. मग ते म्हणाले, “दुसरं मिळतच नाही.” तुर्कस्तानच्या २०१० च्या जैवसुरक्षा कायद्याने जनुकबदल पिकांच्या लागवडीला बंदी आहे. शेजारच्या रासायनिक शेतातलं बियाणंसुद्धा साधंच. परागकण उडून आला तरी भीती नाही.

हे ऐकून मी बांधावर बसले. आपल्याकडे २००२ साली जनुकबदल केलेला बीटी कापूस आला आणि आज नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर तोच आहे. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने विदर्भात त्याचंही काय केलं ते आम्ही घरात पाहिलं. आपल्याकडच्या सेंद्रिय शेतकऱ्याची पहिली लढाई साधं बियाणं मिळवण्याची असते, आणि दुसरी शेजाऱ्याच्या परागकणांपासून ते वाचवण्याची. एवढं करून गाठीच्या चाचणीत जनुकबदलाचा अंश सापडला की वर्षाची मेहनत साध्या भावात जाते. आपले शेतकरी कमी पडतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हा फरक समजून घ्यावा असं मला कळकळीने वाटतं.

जेवणानंतर वेचणाऱ्या बायांकडे गेले. त्या उर्फा-दियारबकिरकडून, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाकडून, हंगामापुरत्या येतात आणि शेताकडेला तंबूत राहतात. आपल्या ऊसतोड मजुरांसारखं सगळं. मुलं बरोबर, चूल बाहेर. डोक्याच्या रुमालाच्या कडेला सुईने विणलेल्या लहान लहान फुलांची झालर होती. मी त्यांच्या ओळीत उभी राहिले. ओढणीची ओटी बांधली आणि वेचायला लागले. पाच बोटं बोंडात घालून, हलका पीळ देऊन चारही पाकळ्यांतला कापूस एका झटक्यात, पातीचा कचरा न येता. पंचवीस वर्षांनी वेचत होते, पण हाताला आठवत होतं. एक बाई थांबून बघू लागली. तिने माझ्या ओटीत हात घालून कापूस चिवडला, कचरा सापडला नाही, तेव्हा दुसऱ्यांना हाक मारून काहीतरी म्हणाली. दुभाषीने सांगितलं, “म्हणते आहे, ही व्यापारी नाही, ही आपल्यातली आहे.” मग तिने स्वतःचा हात पुढे केला. नखांच्या कडेला बोंडाच्या काट्यांनी पडलेल्या बारीक चिरा होत्या. माझ्या आईच्या हातावर दिवाळीपर्यंत असायच्या तशाच.

मजुरीचे दर, पाणी, संडास, मुलांची शाळा हे सगळं मी काकांना विचारलं आणि लिहून घेतलं. पाणी आणि संडास होते. शाळेचं उत्तर मला पटलं नाही, ते त्यांना सांगितलं. ते गप्प राहिले.

निघताना काकांनी त्यांचं देफ्तेर दाखवलं. निळ्या शाईतली वही, पेरणीपासून प्रत्येक दिवसाची नोंद. शेवटी गेल्या वर्षी जिनिंगला, म्हणजे सरकी काढायला, घातलेल्या कापसाची वजनं आणि त्यांच्या शेतकरी गटाचा लॉट नंबर. मी त्या पानाचा फोटो काढला. मग पिशवीतून माझ्या युनिटमधलं एक झबलं काढून त्यांना दिलं. ते त्यांच्या हाताच्या तळव्यापेक्षा थोडंसंच मोठं होतं. काका ते उलटसुलट करत राहिले, शिवण बघितली, आणि काकूंना हाक मारली. नऊ वर्षांत आपल्या कापसाचं पुढे काय होतं ते कुणी दाखवायला आलं नव्हतं, असं ते म्हणाले.

चौथा दिवस: जिनिंग आणि समुद्र नसलेलं बंदर

जिनिंग आपल्यासारखंच, रोलरचं, आवाजही तोच आणि हवेत उडणारी रुईही तीच. सेंद्रिय माल घेण्यापूर्वी यंत्रं झाडून घेतात आणि सुरुवातीची रुई बाजूला काढतात. मला आवडलं ते कापूस आणायचं पोतं. ते सुतीच असतं. आमच्याकडे कापूस बरेचदा खताच्या रिकाम्या पोत्यांतून जातो, मग त्या प्लॅस्टिकचा धागा सुतात शिरतो, आणि रंगवल्यावर कापडावर पांढरी रेघ दिसते. पोतं बदलणं हे काम कुठल्याही सर्टिफिकेटाशिवाय उद्यापासून करता येईल.

दुपारी मिलेतला गेलो, तासभराचीच भेट. हे प्राचीन ग्रीकांचं मोठं बंदर. आज नाट्यगृहाच्या वरच्या पायरीवरून समुद्र दिसतच नाही. मेंदेरेसने गाळ आणून आणून खाडी बुजवली, आणि जिथे जहाजं लागत होती तिथे कापूस उभा आहे. कधीकाळचं बेट आता शेतांमधली टेकडी झालं आहे. टोपी आणि पाणी न्यावं, सावली नाही.

पाचवा दिवस: आगगाडी

ओर्ताक्लार स्टेशनवरून देनिझ्लीची गाडी पकडली. इझमिर-आयदिन हा अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, सर्वात जुन्या लोहमार्गांपैकी एक, तो १८६६ ला आयदिनपर्यंत पोचला. आपल्याकडे मुंबईहून नागपूरला गाडी १८६७ ला पोचली. अमेरिकेतल्या यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला होता, आणि त्या दशकात कापूस कुठून मिळेल याचा शोध वऱ्हाडातही चालला होता आणि या खोऱ्यातही. खिडकीतून अंजिराच्या बागा मागे जात होत्या आणि मला हिंगणघाटचा बाजार दिसत होता.

वाटेत नाझिल्लीला चार तास उतरले. इथली सरकारी छापील कापडाची गिरणी तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्कने ९ ऑक्टोबर १९३७ रोजी स्वतः येऊन सुरू केली होती. सोव्हिएत यंत्रं, कामगारांसाठी सिनेमागृह, आणि त्यांना गावातून ने-आण करणारी ‘गिदी गिदी’ नावाची छोटी आगगाडी. आमच्या विदर्भातल्या शकुंतला या छोट्या गाडीची सख्खी बहीण म्हणावी अशी. गिरणी बंद पडली, आवार आता विद्यापीठाकडे आहे. फाटकाजवळ एक आजोबा भेटले, त्यांनी तिथे सत्तावीस वर्षं काढली होती. मी हिंगणघाटची म्हटल्यावर त्यांना काही कळलं नाही. आमच्या गावातही गिरणी होती एवढं दुभाषीने सांगितल्यावर मात्र त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

सहावा दिवस: बुलदान

देनिझ्लीहून मिनीबसने तासाभरात बुलदान. उतरल्याबरोबर ओळखीचा आवाज आला. गल्ल्यांतून, तळघरांतून, खिडक्यांच्या आतून मागांची खटखट. इचलकरंजीत नाही का, चहाच्या टपरीवर उभं राहिलं तरी पायाखाली माग जाणवतो, तसंच.

विणकर पंचावन्नचे, घराच्या खालच्या मजल्यावर सहा माग. त्यांतले दोन फक्त सेंद्रिय सुतासाठी. सेंद्रिय सुताचं बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, चढवण्यापूर्वी माग पुसून घेतात, कांड्यांची टोपली वेगळी, तयार ठाण ठेवायचं कपाटही वेगळं. मागाला एक चिठ्ठी टाचलेली होती. तिच्यावरच्या सुताच्या लॉटची कागदपत्रं त्यांनी काढून दिली. जमिनीवर पसरून आम्ही तिघं एकेक कागद मागे मागे जात राहिलो. सूत, सूतगिरणी, रुईच्या गाठी, जिनिंग. जिनिंगच्या कागदावरचा नंबर आणि माझ्या फोनमधल्या देफ्तेरच्या फोटोतला नंबर एकच होता. तो गटातल्या बारा शेतकऱ्यांचा एकत्र लॉट, त्यामुळे मागावरचा धागा नेमका काकांचाच असं म्हणता येणार नाही. पण त्या बारांत ते होते.

आता त्या कापडाबद्दल. मागावरून निघतं तेव्हा ते सपाट आणि निर्जीव दिसतं. मी थोडी हिरमुसलेच. विणकरांनी हातभर पट्टी कापली, चहाच्या किटलीतलं गरम पाणी परातीत ओतलं आणि पट्टी त्यात सोडली. आडव्या धाग्याला भरपूर पीळ दिलेला असतो. पाणी लागताच तो पीळ सुटायला बघतो आणि धागा आखडतो. डोळ्यांसमोर पट्टी आवळत गेली, तिच्यावर बारीक चुण्या उठल्या, आणि पिळून झटकल्यावर हातात आलं ते मऊ, हवेशीर, ताणलं तर सुटणारं कापड. इस्त्रीची गरज नाही, आणि अंगाला चिकटत नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये बाळाला याहून चांगलं काय गुंडाळणार?

शिवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: हे कापड आधी धुवा, मगच बेता. किती कापड लागेल याचा अंदाज धुतल्यानंतरची ‘तयार रुंदी’ विचारून लावा, मागावरच्या रुंदीवर नाही. नाहीतर हिशेबात पार फसाल. छोट्या विणकरांकडे कमी मीटरचीही ऑर्डर घेतात, पण पैसे अर्धे आधी द्यावे लागतात, आणि ते योग्यच आहे. सूत त्यांना रोखीने आणावं लागतं. भाव मी पाडून मागितला नाही. बांगड्या डोळ्यांसमोर होत्या.

सातवा आणि आठवा दिवस

सकाळ देनिझ्लीच्या एका रंगशाळेत गेली. गॉट्समध्ये क्लोरीनचं ब्लीच चालत नाही, म्हणून पेरॉक्साइड वापरतात. सांडपाणी शुद्ध करूनच सोडावं लागतं, ती टाकी बघायला मागितली आणि त्यांनी दाखवली. कुणी टाळाटाळ केली तर रंगाचे नमुने बघत बसू नये. मी शेवटी न रंगवलेलंच कापड घेतलं, कापसाच्या मूळ सायीच्या रंगाचं.

संध्याकाळी पामुक्कले. नावाचा अर्थच कापसाचा किल्ला. चुनखडीच्या पांढऱ्या पायऱ्यांवर अनवाणी चालावं लागतं, उन्हं उतरताना जावं. जवळच्या लाओदिकिया या प्राचीन शहराच्या मेंढ्यांच्या मऊ काळ्या लोकरीचं वर्णन ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवलं आहे. या खोऱ्यात कापडाचा धंदा तेव्हापासून आहे. दुसऱ्या दिवशी परत.

पुण्याला येऊन दोन दिवसांनी हिंगणघाटला गेले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मैदान, यंत्रं, एकरी सोळा क्विंटल. मग पहिला प्रश्न, “आन् सरकी कोन्ती पेरते थे लोकं?” मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बुलदानची ती धुतलेली पट्टी मी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा लावला, कडेचा एक धागा ओढून काढला, नखांच्या मध्ये धरून त्याचा पीळ उलटा सोडवला, आणि मोकळे झालेले तंतू अंगठ्याच्या नखावर ताणून लांबी बघितली.

“पानी भेटलं याले,” बाबा म्हणाले, आणि धागा नीट घडी करून खिशातल्या वहीत ठेवला.